चढणीच्या माशाचा मेंदू

जूनच्या अखेरीस आहुपे, आंबोली, हातवीज या बाजूला पहिला दमदार पाऊस होतो, ओढे गढूळ होऊन वाहू लागतात आणि मासे उलटे निघतात. घोड, मीना, कुकडी, पुष्पावती या नद्यांतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि तिथून थेट भातखाचरात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या कोळी महादेव, ठाकर आणि कातकरी घरांत या चढणीची वेळ कुणी सांगावी लागत नाही. पाण्याचा रंग आणि वास बदलला की माणसे टोपल्या घेऊन बांधाच्या सांडीवर जातात. हाती लागणाऱ्या माद्यांची पोटे गाभोळीने तट्ट फुगलेली असतात.

याच दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. ती वाढते, किलो-दोन किलोची होते, माद्यांच्या पोटात अंडीही धरतात. पण साठलेल्या पाण्यात त्या बहुधा अंडी टाकत नाहीत. पावसाळा सरतो, अंडी शरीरात परत जिरून जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा मत्स्यबीज विकत आणावे लागते. एकच पाऊस ओढ्यावरही पडतो आणि धरणावरही. एका ठिकाणी मासा पेटून उठतो, दुसऱ्या ठिकाणी तो तयारी करून थांबतो. हा फरक अंडाशयातला नाही, कारण अंडाशय दोन्हीकडे भरलेले असते. फरक मेंदूत आहे. पाऊस, प्रवाह, उजेड, वास आणि पोटातली शिदोरी यांचा हिशेब करून मेंदू आज्ञा देतो किंवा अडवून धरतो. तो हे कसे करतो, याचा शोध गेली जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. महाराष्ट्रात या शोधाचा फार मोठा भाग एका संशोधकाने आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उचलला. डॉ. निशिकांत सुभेदार आधी नागपूर विद्यापीठात आणि नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत होते. त्यांच्या कामाच्या आधाराने हा सगळा प्रश्न आज कुठवर आला आहे, ते पाहू.

सुरुवात माशापासूनच झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. 1928 मध्ये अर्न्स्ट शारर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने एका छोट्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मेंदूत विचित्र चेतापेशी पाहिल्या. त्या दिसायला चेतापेशी होत्या, पण आत ग्रंथीसारखे स्रावाचे कण भरलेले. मेंदूची पेशी संप्रेरकही बनवते, हे म्हणणे त्या काळच्या शास्त्राला पचले नाही. शाररला आणि त्यांच्या पत्नी बेर्टा यांना अनेक वर्षे टीका सोसावी लागली. आज ज्याला चेतास्रावशास्त्र म्हणतात त्याचा पाया तिथे घातला गेला. जवळजवळ त्याच सुमारास, 1930 च्या आसपास, अर्जेंटिनात बर्नार्डो उसाय यांनी माशाची पियूषिका ग्रंथी काढून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि प्रजनन वेळेआधी घडवून आणले. मेंदूच्या तळाशी लोंबणारी, कटल्यासारख्या मोठ्या माशातही लहानशी असणारी ही ग्रंथी अंडाशयाला आज्ञा देते, एवढे त्यातून स्पष्ट झाले. ब्राझीलने 1930 च्या दशकातच हे तंत्र मत्स्यशेतीत आणले.

भारतात त्याला आणखी दोन दशके लागली. 1957 च्या जुलैत ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूषिकेच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय प्रमुख कार्प (रोहू, कटला, मृगळ हे याच गटातले) बंदिस्त पाण्यात विणवले. 10 जुलै हा दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो त्यामुळे. त्याआधी मत्स्यबीज म्हणजे गंगेच्या पुराच्या पाण्यात जाळी लावून गोळा केलेले जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्ले. त्यात कोणत्या जातीचे किती, याचा भरवसा नसे. डिंभे किंवा येडगावसारख्या धरणात दरवर्षी मापून बीज सोडण्याची कल्पनाच अंगुलच्या प्रयोगाशिवाय उभी राहिली नसती.

पण पियूषिकेच्या इंजेक्शनला मर्यादा होत्या. ग्रंथी बाजारातल्या माशांच्या डोक्यांतून काढायच्या, शुद्ध अल्कोहोलात साठवायच्या, वाटायच्या, मादीला सहा तासांच्या अंतराने दोनदा टोचायच्या. ग्रंथी कोणत्या ऋतूत, किती पक्व माशाची काढली यावर तिची ताकद ठरे. प्रजनन केंद्रातला माणूस अंदाजाने मात्रा ठरवी आणि अनेकदा रात्र फुकट जाई. शास्त्राच्या दृष्टीनेही हे अर्धेच उत्तर होते. पियूषिका अंडाशयाला सांगते, हे कळले. पियूषिकेला कोण सांगते?

याचे पहिले ठोस उत्तर सस्तन प्राण्यांतून आले. 1971 मध्ये अँड्र्यू शॅली आणि रोजर गिलमन यांच्या प्रतिस्पर्धी गटांनी लाखो डुकरा-मेंढ्यांच्या मेंदूंतून दहा अमिनो आम्लांचे एक इवलेसे संप्रेरक वेगळे काढले. त्याला आज जीएनआरएच म्हणतात. तेव्हाचे रूढ नाव एलएचआरएच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून ते सुटते आणि पियूषिकेला प्रजननाची संप्रेरके सोडायला लावते. दोघांना 1977 चे नोबेल मिळाले. माशांतही ते असते, पण थोड्या वेगळ्या घडणीचे. सामन माशातले रूप 1983 मध्ये नॅन्सी शेरवूड यांनी उलगडले. पुढे एकाच माशाच्या मेंदूत त्याची तीन-तीन रूपे सापडू लागली.

माशाच्या बाबतीत निसर्गाने संशोधकावर एक उपकार करून ठेवला आहे. आपल्या शरीरात हायपोथॅलॅमसमधली रसायने एका खास रक्तवाहिनी-जाळ्यातून पियूषिकेपर्यंत जातात. हाडे असलेल्या माशांत चेतातंतू सरळ पियूषिकेच्या आत घुसतात आणि नेमक्या पेशींपाशी संपतात. त्यामुळे मेंदूचे पातळ काप करून योग्य रंगक्रिया केली, तर कोणते रसायन कोणत्या केंद्रातून निघून कोणत्या पेशीला भेटते, ते सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. नागपूरच्या गटाने आपले काम उभे केले ते याच सोयीवर.

सुभेदारांनी मासा निवडला तो मागूर. विदर्भातल्या तळ्यांत मिळणारा, मिशाळ, हवेतून श्वास घेणारा, चिखलातही तग धरणारा हा मासा वर्षातून एकदाच, पावसाळ्यात अंडी टाकतो. जुन्या शोधनिबंधांत त्याचे नाव क्लॅरियस बॅट्राकस असे आढळते. भारतीय मागूर ही वेगळी जात आहे, असे आता मानले जाते. फेब्रुवारीपासून अंडाशय हळूहळू भरते, मे-जूनमध्ये तयारी पूर्ण होते, जुलै-ऑगस्टमध्ये अंडी पडतात, मग विश्रांती. वर्षातून एकदाच विणणाऱ्या माशाचा मोठा फायदा असा, की महिना बदलला की मेंदूत काय बदलले, ते ताडून पाहता येते.

या गटाचा 1987 चा एक शोधनिबंध मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात प्रश्न उलट बाजूने विचारला होता. मेंदू अंडाशयाला आज्ञा देतो, हे सगळे तपासत होते. सुभेदार आणि सहकाऱ्यांनी विचारले: अंडाशयात दाब वाढला, तर मेंदूतल्या प्रीऑप्टिक केंद्रातल्या स्रावी पेशी त्याला प्रतिसाद देतात का? म्हणजे भरलेले पोट मेंदूला काही कळवते का? प्रजनन हा एकेरी हुकूम नसून दोन्ही बाजूंनी चाललेले बोलणे आहे, हे मानून चाललेले हे काम होते. पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, त्यांनी आणि एन. एस. रामकृष्ण यांनी मागूराच्या मेंदूत आणि पियूषिकेत एलएचआरएच कुठे कुठे आहे याचा नकाशा प्रसिद्ध केला.

त्या काळी असे नकाशे करणे किती कष्टाचे होते, ते आजच्या विद्यार्थ्याला सहज कळणार नाही. मेंदू अचूक वेळी रसायनात स्थिर करायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे पातळ काप काढायचे, प्रत्येक कापावर त्या एकाच रसायनाला चिकटणारे प्रतिपिंड टाकायचे आणि शेवटी तपकिरी रंग उमटतो का ते पाहायचे. ही प्रतिपिंडे परदेशातून मागवावी लागत. त्यामुळे पत्रव्यवहार आणि परस्परविश्वास हा संशोधनाचाच भाग होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमधले मार्टिन श्राइबमन, पुढे टफ्ट्स विद्यापीठातले रोनाल्ड लेकन, डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कमधले लार्स थिम आणि येस क्लाउसेन यांची नावे नागपूरच्या शोधनिबंधांवर दिसतात ती यामुळे. नागपूरच्या प्रयोगशाळेतून निघालेले मेंदूचे नकाशे तुलनात्मक चेताशास्त्राच्या आघाडीच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले. ही कामगिरी महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

या गटाने वारंवार हात घातलेला एक विषय म्हणजे वास. माशाच्या नाकामागे एक बारीक चेता असते. तिला अंत्यचेता म्हणता येईल. शार्कमध्ये ती 1878 मध्ये प्रथम नोंदली गेली. तिच्यात जीएनआरएच असते आणि तिचे तंतू मेंदूभर पसरतात. 1992 मध्ये नागपूरच्या गटाने मागूरात ही चेता छेदून दाखवले, की एफएमआरएफ-अमाइड नावाच्या पेप्टाइडाचे पियूषिकेतले तंतू तिथूनच येतात. म्हणजे नाकापासून पियूषिकेपर्यंत एक सरळ वाट आहे. 2003 मध्ये त्यांनी मृगळाच्या मादीवर काम केले. हाच मृगळ आपल्या धरणांत सोडला जातो. त्या कामात दिसले, की वास घेणाऱ्या पेशींतच, नाकाच्या अस्तरात, जीएनआरएचसदृश द्रव्य असते आणि ते प्रजननाच्या अवस्थेनुसार कमी-जास्त होते.

याचा अर्थ लावताना 1987 चे कॅनडातले काम आठवले पाहिजे. गोल्डफिशची मादी अंडी टाकण्याच्या बेतात आली, की तिच्या शरीरातले एक संप्रेरक पाण्यात सुटते. नराच्या नाकाला त्याचा अतिसूक्ष्म अंश पुरतो आणि काही तासांत त्याची पियूषिका जागी होते, रेत वाढते. नॉर्मन स्टेसी, पीटर सोरेनसन आणि जे. डल्का यांनी हे दाखवले. पाण्याला वास असतो आणि मासा त्या वासावरून ठरवतो, ही गोष्ट डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतल्या माणसाला नवी नाही. प्रयोगशाळेने त्या अनुभवाखालची पेशी दाखवली.

आता मेंदू अडवून कसा धरतो, त्या ब्रेककडे येऊ. 1970 च्या दशकाअखेरीस कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर गोल्डफिशच्या मेंदूचा एक ठरावीक भाग निकामी करून पाहत होते. अपेक्षा अशी, की प्रजनन थांबेल. झाले उलटेच. माद्यांनी आपणहून अंडी सोडली. म्हणजे त्या भागातून पियूषिकेला सतत नकार जात होता. नकार देणारे रसायन निघाले डोपामिन, तेच डोपामिन जे आपल्याकडे सुख आणि व्यसन यांच्या संदर्भात चर्चेत असते. 1983 पर्यंत पीटर आणि जॉन चँग यांनी ते पक्के केले. जीएनआरएच पुढे ढकलते, डोपामिन अडवते, आणि कार्प, मागूर यांच्यात हा ब्रेक फार घट्ट असतो. साठलेल्या पाण्यातल्या रोहूचे कोडे इथे बरेचसे सुटते. अंडी वाढवण्यापुरती संप्रेरके त्याला मिळत राहतात. शेवटचा मोठा झोत, एलएच या संप्रेरकाचा, सुटतच नाही. तो सुटला तरच अंडाशयात ते द्रव्य तयार होते जे अंड्याला अखेरची पक्वता देते. जपानचे योशिताका नागाहामा यांनी 1985 च्या सुमारास सामन कुळातल्या माशात ते ओळखले.

उपाय सरळ होता: ब्रेक काढा आणि थोडे ढकला. चीनमधले लिन हाओरान आणि पीटर यांनी जीएनआरएचचे टिकाऊ कृत्रिम रूप आणि डोपामिनला अडवणारे औषध एकत्र देण्याची पद्धत बसवली. तिला दोघांच्या नावांवरून लिनपे पद्धत म्हणतात. बाजारात आलेल्या ओव्हाप्रिममध्ये दर मिलिलिटरमागे 20 मायक्रोग्रॅम जीएनआरएचचे रूप आणि 10 मिलिग्रॅम डोमपेरिडोन असते. डोमपेरिडोन म्हणजे घरोघरी ओकारी थांबवायला घेतात तीच गोळी. ती मेंदूच्या आत सहज शिरत नाही, पण पियूषिका त्या कुंपणाबाहेर असल्याने तिथे तिचा परिणाम होतो. मुंबईच्या हेमो फार्माचे ओव्हाटाइड आणि वॉकहार्टचे वोव्हा-एफएच ही त्याच जातीची देशी औषधे. आता संध्याकाळी मादीला एकच इंजेक्शन, किलोमागे साधारण अर्ध्या मिलिलिटरपर्यंत. मध्यरात्रीच्या पुढे अंडी, आणि दुसऱ्या दिवशी गोल टाकीत फिरणारे जिरे. किलोभर वजनाची रोहूची मादी दोन-तीन लाख अंडी देते. जिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली या पायऱ्यांनी ती धरणापर्यंत पोचतात.

डिंभ्याच्या जलाशयावर या शृंखलेचे शेवटचे टोक पाहता येते. घोड नदीवरच्या या धरणाने जुने आंबेगाव आणि आसपासची गावे बुडवली. जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. जमीन गेलेल्या आदिवासींनी, कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेच्या साथीने, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला आणि स्वतःची सहकारी संस्था उभी केली. 2012 मध्ये शाश्वतला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने इथे जलाशयातच जाळीचे पिंजरे बांधून लहान बीज बोटुकलीएवढे वाढवले गेले, कारण थेट सोडलेले बारीक बीज मोठे मासे खाऊन टाकतात. ज्यांच्या शेतात चढणीचे मासे येत, तीच माणसे आता इंजेक्शनने जन्मलेले मासे वाढवतात. ब्रेकचा शोध किती दूरवर पोचला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पण इथे थांबून प्रश्न सुटला असे म्हणणे मोठी चूक ठरेल. इंजेक्शन साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर काम करते. पावसाचा निरोप मेंदूपर्यंत कसा पोचतो आणि ब्रेक आपणहून कसा सुटतो, हे त्याने कळत नाही. मागूराच्या बाबतीत तर इंजेक्शनही अर्धेच पुरे पडते. मादी अंडी देते, पण नराचे रेत पोट दाबून मिळत नाही. वृषण काढण्यासाठी नर मारावा लागतो. सगळ्या माशांना हा ब्रेक असतो असेही नाही. अटलांटिक क्रोकर या समुद्री माशात तो आढळला नाही. युरोपातल्या ईलमध्ये मात्र तो इतका घट्ट, की पिंजऱ्यातला ईल आपणहून कधीच पक्व होत नाही.

सुभेदारांच्या कामाचा नंतरचा टप्पा मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो तो इथेच. त्यांनी प्रजननाची रसायने एकटी न पाहता भुकेशी जोडली. न्यूरोपेप्टाइड वाय, एन्केफॅलिनसारखी अफूजन्य वेदनाशामकांच्या घराण्यातली द्रव्ये, आणि कार्ट. कार्ट हे पेप्टाइड प्रथम कोकेन आणि अँफेटामिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत सापडले, त्यावरून त्याचे नाव पडले. 2007 मध्ये नागपूरच्या गटाने मागूराच्या मेंदूतला कार्टचा नकाशा दिला. 2010 मध्ये दाखवले, की मादीच्या घ्राणसंस्थेत, पुढच्या मेंदूत आणि पियूषिकेत ते प्रजननाच्या अवस्थेनुसार बदलते. 2011 मध्ये आफ्रिकी मागूरात दाखवले, की उपाशी ठेवल्यावर आणि ग्लुकोज, इन्सुलिन, लेप्टिन दिल्यावरही तेच द्रव्य हालते. एकच रेणू भरलेल्या पोटाचीही खबर ठेवतो आणि अंड्यांच्या ऋतूचीही. लाखो अंडी तयार करणे म्हणजे शरीरातली मोठी चरबी आणि प्रथिने खर्चणे. शिदोरी नसलेल्या मादीने चढणीला निघणे घातक. मेंदू हा ताळेबंद कुठे मांडतो, याचा माग या शोधनिबंधांतून लागू लागला.

प्रतिपिंडांनी रंगवण्याच्या या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सस्तन प्राण्याच्या रेणूवर घडवलेले प्रतिपिंड माशाच्या मेंदूत रंगले, तर तिथे नेमका तोच रेणू आहे असे म्हणता येत नाही. म्हणूनच हे संशोधक 'सदृश' हा शब्द प्रामाणिकपणे वापरत आले. शिवाय एखादे द्रव्य पावसाळ्यात वाढले म्हणून त्यानेच अंडी पाडली, हे सिद्ध होत नाही. 2014 चे पुण्याच्या आयसरमधले काम यातली पहिली अडचण दूर करण्याच्या दिशेने होते. ऑर्णव घोष आणि सुभेदार यांच्या गटाने झेब्राफिशमध्ये कार्टची चार वेगवेगळी जनुके मेंदूत कुठे चालू असतात आणि भूक लागली की त्यांतली कोणती बदलतात, ते जनुकाच्याच पातळीवर दाखवले.

दुसरी अडचण जनुके निकामी करण्याच्या तंत्राने सुटेल असे 2010 च्या दशकात सर्वांना वाटले. निकालांनी सगळ्यांनाच गोंधळात टाकले. 2003 मध्ये माणसांतल्या काही कुटुंबांवरून किसपेप्टिन या द्रव्याची प्रजननातली भूमिका उघड झाली होती. त्याचा निरोप घेणारा ग्राहक रेणू बिघडला की मुले वयात येत नाहीत. माशातही तोच राजा असणार, असे मानले गेले. 2015 मध्ये झेब्राफिशमधली किसपेप्टिनची दोन्ही जनुके काढून टाकली, तरी मासे आरामात प्रजनन करत राहिले. जीएनआरएचचे जनुक काढले, तरी तेच. आणि गंमत बघा, त्याच झेब्राफिशच्या पिल्लांत जीएनआरएचच्या पेशी लेसरने जाळल्या, तर मासे वांझ झाले. जनुक नसले तरी चालते, पण पेशी नसली तर चालत नाही. म्हणजे ती पेशी आणखी काहीतरी करते, किंवा जनुक गेल्यावर दुसरे कुणीतरी तिची जागा भरून काढते. जपानी मेडाका माशात मात्र जीएनआरएचचे जनुक काढल्यावर मादी अंडी सोडू शकली नाही, नराला फरक पडला नाही. एलएचवर सगळ्यांचे एकमत आहे: ते नसले, तर मादीची अंडी सुटत नाहीत. पण एलएचच्या वरती कोण, यावर माशामाशांत फरक.

या गोंधळाचे एक कारण मला झेब्राफिशच्या निवडीत दिसते. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. पण जगभरच्या काचेच्या टाक्यांत त्याला बारा महिने उबदार पाणी, पोटभर अन्न आणि ठरल्या वेळी दिवा मिळतो, आणि तो सकाळी दिवा लागला की अंडी टाकतो. ज्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही, त्याच्या मेंदूत वाट पाहण्याची यंत्रणा शोधून कशी सापडेल? नागपूरकरांनी तीन दशके ऋतूनुसार विणणाऱ्या माशावर काम केले. त्यांचे जुने, कष्टाचे, तपकिरी रंगाचे नकाशे आजही उपयोगी आहेत ते यासाठी. हैदराबाद, बनारस आणि धारवाड इथल्या गटांनीही मागूर, शिंगी आणि तिलापियावर असेच काम केले आहे. धारवाडच्या कामात मासा तणावाखाली असला, की मेंदूतली अफूसदृश द्रव्ये प्रजनन कसे दडपतात, ते पुढे आले. जाळ्यात धरून, पिशवीत कोंबून, ट्रकमधून आणलेल्या प्रजनक माशाला इंजेक्शन कमी का लागू पडते, याचे एक उत्तर त्यात असू शकते.

एक वेगळा इशारा लोणावळ्यातून मिळतो. वळवणच्या तलावावर सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970 च्या दशकापासून टाटांच्या केंद्रात महसीर, म्हणजे टॉर खुद्री, विणवला. जाळ्यात आलेल्या पक्व मादीचे पोट हलके दाबून अंडी घेतली आणि लाखो पिल्ले वाढवली. हीच जात 1839 मध्ये कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदली होती. काम मोठ्या निष्ठेचे होते. पण तिथले बीज दूर कावेरीत सोडले गेले आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला. बीज तयार करता येते, म्हणजे ते कुठेही सोडावे असे नाही. गोड्या पाण्यातल्या प्रत्येक नदीचा मासा त्या नदीच्या पावसाला, प्रवाहाला आणि वासाला बसलेला असतो.

म्हणूनच जुन्नर-आंबेगावचे पाणी मला या प्रश्नासाठी फार मोलाचे वाटते. इथे एकाच खोऱ्यात दोन्ही प्रकारचे मासे आहेत. धरणात ब्रेक लागून थांबलेले रोहू-कटला-मृगळ, आणि फुगवट्याच्या वरच्या बाजूला अजूनही दर पावसाळ्यात चढणारे देशी मासे: मरळ, वाम, शिंगटा, बारीक कार्पांच्या कितीतरी जाती. त्यात चिलापीची, म्हणजे तिलापियाची, भर पडली आहे. ती ऋतूची फारशी पर्वा न करता विणते, अंडी तोंडात सांभाळते आणि देशी माशांची जागा व्यापते. बंदी असलेला आफ्रिकी मागूरही पुणे जिल्ह्यात चोरून पाळला जातो आणि पुरात नद्यांत शिरण्याचा धोका असतो. तीन वेगळ्या मेंदूंच्या माशांना एकच पाऊस.

सुभेदारांचे विद्यार्थी आज भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या विद्यापीठात स्वतःचे गट चालवतात. विद्यापीठाच्या गणेशखिंडीपासून डिंभ्यापर्यंतचा रस्ता दोन-अडीच तासांचा आहे. काम काय करायचे तेही बरेचसे स्पष्ट आहे. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाआधी, घोड आणि कुकडीच्या वरच्या ओढ्यांतले आणि त्याच दिवशी जलाशयातले मासे घ्यायचे. पाऊस लागून पाणी गढूळ झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा घ्यायचे. नाकाच्या अस्तरातले जीएनआरएच, प्रीऑप्टिक केंद्रातले डोपामिन, कार्ट, आणि रक्तातले एलएच ताडून पाहायचे. सोबत पाण्याचे तापमान, प्रवाह, गढूळपणा आणि क्षार मोजायचे. कोणता बदल आधी येतो, ते प्रथम शोधायचे. कोणत्या ओढ्यात कोणता मासा कधी चढतो, ही माहिती आहुप्यापासून हातवीजपर्यंतच्या माणसांकडे आहे. तिची पद्धतशीर नोंद आधी व्हायला हवी, कारण ज्यांना ती तोंडपाठ आहे ते आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत, आणि लहान बंधारे, सिमेंटच्या सांडी आणि शेतात फवारलेली औषधे यांनी चढणीच्या वाटा एकेक करून तुटत चालल्या आहेत.